आधी काडतुसाचे बूड पाहावे

टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याने मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर विचारले, "काका, माझे ग्लॉक 23 पिस्तूल पॉइंट चाळीस इंची काडतुसाचे आहे, नुसती नळी बदलून ते नऊ मिलिमीटरचे होईल का?" महूला शस्त्रदुरुस्तीत उमेदीची वर्षे घालवून आता इंदूरला लोकमान्यनगरात घरी बसलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. उत्तर देण्याआधी मी त्याला दोन्ही जातींच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टेबलावर उपड्या ठेवायला सांगितल्या आणि कॅलिपरने त्यांची बुडे मोजून घेतली.

नऊ मिलिमीटरचे बूड सुमारे 10 मिमी भरले, तर पॉइंट चाळीसचे सुमारे 10.8. बहुतेक जण गोळीचा व्यास आणि नळीचे भोक पाहून निर्णय घेतात. परंतु काडतुसाचे बूड स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) ज्या खाचेत बसते आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) त्याची कडा ज्या नखाने धरतो, ते दोन्ही नळीबरोबर बदलत नाहीत. त्यामुळे मोठ्या बुडाच्या पिस्तुलात लहान बुडाचे काडतूस थोडे सैल का होईना, पण चालून जाते. उलट नऊ मिलिमीटरच्या स्लाइडमध्ये पॉइंट चाळीसचे बूड मावतच नाही. 1994 साली आलेले पॉइंट 357 सिग हे काडतूस तर पॉइंट चाळीसचीच मान आवळून घडवलेले असल्याने तेथे बूड तेच, मॅगझिनही (काडतुसे भरायची पेटी) तेच, आणि बदलायची ती खरोखरच केवळ नळी. दाब मात्र अधिक असतो.

पुतण्याने तोवर मित्राच्या ग्लॉक 19 ची नळी आणून बसवूनही पाहिली होती. कॅमेऱ्यासमोर त्याने तिचे तोंड बोटाने हलवले, तर ती हलणाऱ्या दातासारखी डुगडुगत होती. ग्लॉक 19 नऊ मिलिमीटरचे; त्याच्या स्लाइडचे पुढचे भोक लहान असते, म्हणून त्याची नळीही बाहेरून बारीक असते. त्याला हवी होती ती खास रूपांतरासाठी केलेली नळी, जी बाहेरून पॉइंट चाळीसच्या मापाची आणि आतून नऊची असते. शिशाच्या उघड्या गोळ्या वापरायच्या असतील, तर ग्लॉकच्या मूळ गोलसर आट्यांऐवजी (आट्या म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा) नेहमीच्या खोल आट्यांची नळी घ्यावी, असेही मी सुचवले. चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, फार घट्ट असलेली नळी नेम साधण्यास बरी, पण हाताने भरलेली काडतुसे तिच्यात अडकतात.

हे सारे तिकडचे झाले, कारण अमेरिकेच्या संघीय कायद्यात क्रमांक कोरलेली फ्रेम (पिस्तुलाचा मुठीकडचा सांगाडा) म्हणजे शस्त्र आणि नळी हा सुटा भाग. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात, रूपांतराला परवाना लागतो आणि नऊ मिलिमीटर तर सामान्य परवानाधारकाला प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे मनाई असलेले मापच आहे. तेव्हा कोणा इंदुरी वाचकाने हे वाचून बत्तीस बोअरच्या पिस्तुलावर हात चालवू नये.

नळी आली, तीत काही बदल न करता चपखल बसली. पहिल्या पन्नास गोळ्यांत तीनदा काडतूस वर चढताना वाकडे झाले. मी विचारल्यावर कळले, की स्वारीने मॅगझिन पॉइंट चाळीसचेच ठेवले होते. नऊचे मॅगझिन लावल्यावर पुढच्या शंभर गोळ्या विनाअडथळा गेल्या. दोन्ही नळ्यांच्या डब्यांवर त्याने आता लाल आणि निळी पट्टी चिकटवली आहे.