शाफ्ट मोडला की भट्टीवाल्याला फोन

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा इंजिनातला दांडा, मोडला की पहिला फोन हीट ट्रीटमेंटवाल्याला, म्हणजे भट्टीत पोलाद कडक करणाऱ्याला येतो. डिझाइनवाल्याला नाही, खरेदीवाल्याला तर नाहीच. चाकणला फोर्जिंगमध्ये मेटलर्जीचं काम करतो, त्यामुळे हे मी कायम बघत आलोय. जपानच्या आयची प्रांतातल्या एका ग्राहकाकडे आमचे शाफ्ट इंजिन चाचणीत मोडले तेव्हाही तेच झालं. मला आणि भट्टी सांभाळणाऱ्या मामांना थेट तिकडे पाठवलं.

सकाळी तुकडे हातात आले. थकून, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन मोडलेल्या शाफ्टच्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा असतात. त्या उलट्या धरत गेलं की तडा कुठून सुटला ते सापडतं. आमचा तडा पिनच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतो त्या भागाच्या पृष्ठभागावर सुटलाच नव्हता. कडक थर संपून गाभा सुरू होतो, नेमका तिथून निघाला होता. थराची खोली ड्रॉइंगप्रमाणे, कडकपणाही बरोबर. गाभा मात्र नरम. सहा महिन्यांपूर्वी खर्च वाचवायला निकेल कमी असलेला पोलादाचा ग्रेड मंजूर झाला होता आणि त्यावर भट्टीतल्या कोणाची सही नव्हती. मामा नुसते बघत राहिले. इतके दिवस बोलणी त्यांनी खाल्ली होती.

दुपारनंतर ग्राहकाचे इंजिनिअर आम्हाला शेजारच्या गिफूत, काकामिगाहाराच्या विमान संग्रहालयात घेऊन गेले. तिथे कावासाकीचं की-61 ‘हिएन’ आहे. जपानी लष्कराचं हे लढाऊ विमान, मुख्य डिझायनर ताकेओ दोई. पहिलं उड्डाण डिसेंबर 1941. रंग पूर्ण काढलेला असल्याने पत्र्याचे जोड आणि रिव्हेटच्या रांगा उघड्या दिसतात. नाक लांब आणि निमुळतं, कारण आत पाण्याने थंड होणारं बारा सिलिंडरचं उलटं व्ही इंजिन. जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या डीबी 601 इंजिनाचा परवाना घेऊन कावासाकीने ते ‘हा-40’ म्हणून बनवलं.

मामांनी विचारलं, “साहेब, ह्याच्या शाफ्टचं काय?”

त्याच शाफ्टने हे विमान मारलं. डीबी 601 च्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात रोलर बेअरिंग होतं, म्हणजे रोलर क्रँकपिनवर फिरणार. पिन आरशासारखी घासलेली हवी, थर कडक हवा आणि खालचा गाभा चिवट हवा. जर्मन ते करत होते, कारण त्यांच्याकडे तसं पोलाद आणि तशी यंत्रं होती. जपानमध्ये युद्ध लांबलं, निकेल मिळेना, आणि शाफ्टच्या पोलादातून निकेल काढलं गेलं. ही विमानं लढत होती त्या न्यू गिनी बेटाच्या चिखलात, सुटे भाग नसताना मेकॅनिक हीच इंजिनं चालू ठेवायला झगडत होते. बोलणी खाणारे तेच असणार, याची मला खात्री आहे. पोलादाचा निर्णय त्यांच्यापासून हजारो किलोमीटर लांब झाला होता.

पुढच्या हा-140 इंजिनाकडून 1500 अश्वशक्ती हवी होती. ते आणखी नाजूक निघालं. विमानांचे सांगाडे तयार होत राहिले, इंजिनं येईनात. 19 जानेवारी 1945 ला अमेरिकेच्या बी-29 विमानांनी कावासाकीचा आकाशी शहरातला इंजिनांचा कारखाना बॉम्बने फोडला. हा-140 साठीच्या, की-61 च्या दुसऱ्या मॉडेलचे 374 सांगाडे बनले होते, त्यातल्या 275 ना इंजिनच नव्हतं.

पुढचं काम कोणत्याही कारखान्याने अभिमानाने सांगावं असं आहे. लष्कराने 1944 मध्येच मित्सुबिशीचं हवेने थंड होणारं, सिलिंडर वर्तुळात मांडलेलं गोल इंजिन बसवायला सांगितलं होतं. विमानाचं अंग 84 सेंटीमीटर रुंद, इंजिनाचा व्यास जवळपास 122. दोईंच्या माणसांनी जर्मनीहून आलेल्या फॉके-वुल्फ 190 या लढाऊ विमानात रुंद इंजिन अरुंद अंगाला कसं जोडलंय ते पाहिलं आणि एक्झॉस्टचे पाइप रुंदीच्या फरकाने पडलेल्या पायरीत दोन्ही बाजूंना बसवले. पोटाखालचा रेडिएटर गेला, वजन तीनशे किलोच्या आसपास उतरलं. 1 फेब्रुवारी 1945 ला नवं विमान उडालं. तेच की-100. वेग थोडा कमी झाला, पण इंजिन भरवशाचं होतं आणि वैमानिकांना ते आवडलं.

मी हे सांगत असताना मामा रिव्हेट बघत होते. म्हणाले, “मग आधीच का नाही बसवलं?”

इंजिनिअरांनी मला प्रश्नाचा अर्थ विचारला, मी सांगितला. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्याच्या मीटिंगला आमच्या खरेदीवाल्यांनाही बसवतो.”

बसवलं. रिपोर्टमध्ये मी पहिल्या पानावर जुन्या आणि नव्या पोलादाची केमिस्ट्री शेजारी शेजारी टाकली, खाली गाभ्याचा कडकपणा. भट्टीचे चार्ट शेवटी जोडले. त्यांच्या माणसाने जुना ग्रेड परत आणायला तोंडी होकार दिला. आमच्याकडून लेखी मंजुरी अजून अडली आहे, कारण किलोमागे पैसे वाढतात. मामांवरचा ठपका मात्र रेकॉर्डवरून अजून काढलेला नाही. त्यासाठी मी रोज मेल पाठवतोय.