आजीच्या बाजेतले ढेकूण

फोनवर काम डासांच्या फवारणीचं सांगितलं होतं. पण ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "भाऊ, गाडी जरा गल्लीच्या तोंडालाच लावा." तिथंच शंका आली. लातूरमध्ये डासांची लाज कुणाला वाटते?

घर अंबाजोगाई रोडच्या आतल्या बाजूला. नीटची तयारी करणारं लेकरू, हातावर आणि मानेवर गांध्या. पित्ताच्या गोळ्या झाल्या, खरजेचं मलम झालं. वडिलांचं निदान वेगळंच: अभ्यासाचं टेन्शन. मच्छरदाणी मात्र नवी कोरी, कुठं भोक नाही. गांध्या तीन-तीन, एका ओळीत. नुसत्या गांध्या बघून मी कधी ढेकूण म्हणत नाही. खरा पुरावा अंथरुणात असतो.

चादरीवर तांबूस ठिपके होते. "पुटकुळी फुटली असंल," बाई म्हणाल्या. गादी उलटी केली. शिवणीत बॉलपेन टोचल्यासारखे काळे ठिपके. ओला कापूस फिरवला तर तांबडा-काळा डाग पसरला. ढेकणानं पचवून टाकलेलं रक्तच ते. कोपऱ्यात पिवळट काती. पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याआधी त्याला रक्त लागतं. म्हणजे मुक्काम जुना. पण जिवंत ढेकूण? एकही नाही.

अर्धा तास मी पलंगाचे स्क्रू काढत बसलो. शेजारी आजींची बाज होती, तिला कुणी हात लावू देईना. "मला एकदाबी चावलं नाही की," आजी म्हणाल्या. सगळे फसले ते इथंच. ढेकूण चावतो तसं प्रत्येकाचं अंग उठतंच असं नाही, म्हाताऱ्या माणसांचं तर बरेचदा उठत नाही.

बाज आडवी केली, पायाच्या खोबणीत बॅटरी मारली, जुनं एटीएम कार्ड आत फिरवलं. जवसाच्या दाण्याएवढे, तसेच चपटे, तपकिरी ढेकूण भराभरा बाहेर पडले. लाकडाला खसखशीसारखी पांढरी अंडी चिकटलेली. आजी मटकन खाली बसल्या. "चाळीस वर्षांची बाज हाय ही."

"घरात एवढ्यात नवीन काय आलं?" मी विचारलं. लेकरू खाली बघायला लागलं. मार्चमध्ये होस्टेल सोडताना त्यानं तिथली गादी घरी आणली होती. बाप काही बोलणार, तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "राहू द्या, त्याला काय ठाऊक!"

मग त्या रॉकेल आणायला निघाल्या. ते मी थांबवलं, घर पेटायचं. उन्हात बाज टाकूनही भागत नाही, लाकूड तापलं की ढेकूण आत सरकतात. उकळतं पाणी खोबणीत नीट गेलं तर चालतं, म्हटल्यावर आजींनी स्वतः पातेलं चढवलं. फवारणी मी नंतर केली.

औषधाला अंडी दाद देत नाहीत, म्हणून चौदा दिवसांनी परत गेलो. दारातच आजी बॅटरी घेऊन उभ्या.

"थांबा भाऊ. आधी तुमची पिशवी उघडा."