मे महिन्यातलं मेण

जुन्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. कपाळावर आधी मेणाचा टिपका, मग त्यावर कुंकू. घाम कितीही आला तरी मेण पाण्याला दाद देत नाही, म्हणून कुंकू ओघळत नसे. लिपस्टिक, काजळकांडी, लिप बाम या सगळ्यांत मेणाचं काम आजही हेच: रंग आणि तेल जागेवर धरून ठेवणं.

घरी बाम करणाऱ्यांची अडचण उन्हाळ्यात सुरू होते. इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींत एक भाग मेण आणि चार भाग तेल असतं. थंड हवेत ते ठीक आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 42च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून बराच वर. मधमाशीचं मेण 62 ते 64 डिग्रीला वितळतं हे खरं, पण तेलात मिसळलेलं मेण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. मग कांडी वाकते.

नुसतं मेण वाढवलं तर बाम ओठावर ओढल्यासारखा लागतो. त्यापेक्षा थोडं कडक मेण घालावं. कँडेलिला मेक्सिकोतल्या झुडपाचं (आपल्या शेराच्याच कुळातलं), 68 ते 73 डिग्रीला वितळणारं. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नौबा 82 ते 86 डिग्रीचं. ते जरा जास्त झालं की कांडी मटकन तुटते.

उन्हाळ्यासाठी 50 ग्रॅमचं माप: मधमाशीचं मेण 11 ग्रॅम, कँडेलिला 3, कोकम तेल (घट्ट, वडीचं) 6, एरंडेल 15, करडईचं तेल 14.75, व्हिटॅमिन ई 0.25. चमच्याने मोजू नका, वजनकाटाच हवा. करडई आपल्याकडची, पण लवकर खवट होते. व्हिटॅमिन ई त्यासाठीच. डिसेंबरात कँडेलिला काढा, मेण 9 ग्रॅमवर आणा आणि उरलेले 5 ग्रॅम करडईत वाढवा.

पातेल्यात पाणी, त्यात कोरडं भांडं. आधी एरंडेल आणि कँडेलिला, ते पूर्ण वितळल्यावर मेण, कोकम आणि करडई. सगळं मिश्रण 75 ते 80 डिग्रीवर दहा मिनिटं राहू द्या. इथे घाई केली की कोकमाचे कण पूर्ण विरघळत नाहीत आणि आठवड्याभरात बाम रवाळ होतो. हळू थंड झाला तरी तेच होतं. म्हणून खाली उतरवून व्हिटॅमिन ई घाला, लगेच साच्यात ओता आणि वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. मध्ये खड्डा पडतोच, कारण मेण थिजताना आकसतं. थोडं मिश्रण राखून ठेवा आणि वरून भरा. पावसाळ्यात फ्रीजमधून काढल्या काढल्या झाकण लावलं तर आत दव साचतं.

ओतण्याआधी थंड चमच्यावर एक थेंब टाकून बघा. फार कडक वाटलं तर तेल, मऊ वाटलं तर मेण. साच्यात गेल्यावर दुरुस्ती नाही.

पॅराफिनला, म्हणजे पेट्रोलियमपासूनच्या मेणाला, उगाच बदनाम केलं जातं. कॉस्मेटिक दर्जाचं शुद्ध पॅराफिन त्वचेला चालतं; मेणबत्तीचं मात्र लावू नये, त्यात काय आहे कुणास ठाऊक. पॅराफिनचा खरा दोष वेगळा. त्याचे स्फटिक मोठे असतात, तेल धरत नाहीत, म्हणून कांडीला घामासारखे थेंब सुटतात. मायक्रोक्रिस्टलाइन मेण हेही पेट्रोलियमचंच, पण बारीक स्फटिकांचं, ते तेल घट्ट धरतं. आणि एरंडेल पॅराफिनमध्ये नीट मिसळत नाही, दोन्ही एकत्र घेऊ नका.

मधमाशीच्या मेणात पॅराफिनची भेसळ सर्रास होते. थर्मामीटर लावून 57-58 डिग्रीच्या पाण्यात मेणाचा कीस टाका. वितळून तवंग आला तर मेण शुद्ध नाही. न वितळला तरी शुद्धतेची हमी नाही, कारण पॅराफिनचे जास्त डिग्रीचे प्रकारही मिळतात.

टाचांच्या भेगांसाठी पाणी असलेलं क्रीम करायचं असेल तर मधमाशीचं मेण एकटं पुरत नाही. तेल-पाणी दुसऱ्या दिवशी फुटतं. त्याला इमल्सिफायिंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं मेण) लागतं, एकूण वजनाच्या 5-6 टक्के, आणि पाणी आलं की प्रिझर्वेटिव्हही आलंच. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणातल्या आम्लांशी टाकणखाराचा (बोरॅक्सचा) संयोग होऊन साबण बनायचा, त्यावर मिश्रण टिकायचं. चिरलेल्या टाचेला तो नको. तिथे पाण्याविना, 15 टक्के मेणाचं मलम रात्री लावून वर मोजे घालावेत.