बारगीर, शिलेदार आणि तट्टू

मराठ्यांच्या इतिहासाची पुस्तके वाचताना ‘बारगीर’ हा शब्द भेटतो तो माणसाचे नाव म्हणून. ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नाही आणि जो सरकारी घोड्यावर बसून लढतो, तो बारगीर, असे आपण शाळेत शिकलेले असतो. पण फारसीत हा शब्द मुळात जनावराचा होता. ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा. ओझे वाहणारा घोडा, हा त्याचा सरळ अर्थ. हाच शब्द पश्चिमेकडे तुर्की भाषेत गेला, तिथे त्याचा उच्चार ‘बेयगीर’ झाला आणि तो घोड्यालाच चिकटून राहिला. इंजिनाची अश्वशक्ती सांगतानाही तुर्कीत आज हाच शब्द वापरतात. दख्खनमध्ये मात्र तो घोड्याच्या पाठीवर चढून बसला आणि स्वाराचे नाव झाला. घोड्याचे नाव माणसाला का मिळावे, हा प्रश्न मला फार दिवस खुणावत आला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना लढाईच्या घोड्याभोवतीचे आपले सगळेच शब्द एका धाग्यात ओवलेले दिसू लागतात. तो धागा म्हणजे घोडा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न.

मराठ्यांच्या घोडदळात दोन जातींचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, आणि ते बाळगणारा तो सिलाहदार. त्याचाच मराठीत शिलेदार झाला. बारगिराला घोडा पागेतून मिळे, आणि तो घोडा मेला तर नुकसान सरकारचे होई. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांच्या वर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला होता. या तपशिलाला मी फार मोल देतो. सैन्याचे वर्णन तलवारींच्या आणि पराक्रमाच्या भाषेत करणे सोपे असते. घोड्याच्या खुराची आणि त्याच्या पाण्याची सोय दर पंचविसांमागे कागदावर बांधून घेणारा राज्यकर्ता आपले बळ कशावर उभे आहे हे पुरते ओळखून होता.

त्याच बखरीत आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. पागेचे बळ मोठे ठेवायचे आणि शिलेदारांना पागेच्या हाताखाली ठेवायचे, म्हणजे फितव्याला कोणाचे बळ उरणार नाही, असे ते धोरण होते. ज्याचा घोडा त्याच्या मालकीचा, तो घोड्याचे तोंड फिरवून दुसऱ्याच्या चाकरीत जाऊ शकतो. शिवाय घोडा हीच त्याची सारी मालमत्ता असल्यामुळे ऐन लढाईत तो जपण्याकडे त्याचा कल असणे साहजिक होते. बारगीर पगारी, शिस्तीतला आणि थेट राज्याशी बांधलेला. स्वराज्याच्या घोडदळाचा कणा बारगीर होता, शिलेदार नव्हे.

मराठी भाषेने मात्र नेमके उलटे केले. आजच्या मराठीत ‘शिलेदार’ हा गौरवाचा शब्द आहे. एखाद्या चळवळीत पुढे राहून काम करणाऱ्याला आपण ‘बिनीचा शिलेदार’ म्हणतो. बिनी म्हणजे फौजेची आघाडीची तुकडी. ती सांभाळणाऱ्यांना बिनीवाले हे उपनाव पडले, आणि पानिपतानंतर उत्तरेकडच्या मोहिमेवर गेलेले विसाजी कृष्ण याच नावाने ओळखले जातात. ‘एकांडा शिलेदार’ तर त्याहून खोल रुजला आहे. पेशवाईत कोणत्याही पथकात न मिसळता, आपल्या एका घोड्यानिशी चाकरी करणाऱ्या स्वारांना एकांडे म्हणत. आज कोणाचाही पाठिंबा नसताना एकट्याने एखादे काम तडीस नेणाऱ्या माणसाला हे विशेषण लागते, आणि ते लावताना बोलणाऱ्याच्या मनात आदर असतो. बारगिराच्या वाट्याला असे काहीही आले नाही. ‘चळवळीचे बारगीर’ असे कोणी म्हणत नाही. ज्याने पगार घेऊन, सरकारी घोड्यावर बसून, हवालदाराच्या हुकमात राहून राज्य उभे केले, त्याचे नाव परिभाषेच्या पुस्तकात राहिले. आणि ज्याला त्या राज्याने मुद्दाम दुसऱ्या जागी बसवले होते, त्याचे नाव वाक्प्रचारात जाऊन बसले.

याचे कारण मला असे वाटते की भाषा राज्यकर्त्याच्या सोयीने चालत नाही, ती गावाच्या नजरेने पाहते. गावात स्वतःचे घोडे असलेला माणूस हा मानाचा माणूस होता. शिवाय पुढे पेशवाईत सरदारांची पथके वाढली, शिलेदारांची संख्या आणि वजन वाढले, आणि तीच आठवण अधिक ताजी राहिली. इंग्रजांनीही हिंदी फौजेतल्या बऱ्याच रिसाल्यांत हीच पद्धत ‘सिल्लेदारी’ या नावाने चालू ठेवली होती आणि ती पहिल्या महायुद्धानंतर मोडीत निघाली. म्हणजे शिलेदार हा शब्द विसाव्या शतकापर्यंत जिवंत चाकरीचा शब्द होता.

बारगीर शब्दाला लाक्षणिक अर्थ मिळालाच नाही असे मात्र नाही. तो मराठीच्या बाहेर मिळाला. मलिक अंबरच्या काळापासूनच दख्खनच्या हलक्या घोडदळाला मोगल ‘बर्गी’ म्हणू लागले होते, आणि अचानक छापा घालून निसटण्याच्या त्या युद्धरीतीला ‘बर्गीगिरी’ असे नाव पडले. पुढे १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. त्या फौजेतला प्रत्येक स्वार खरोखर बारगीर असण्याचे काही कारण नव्हते, पण बंगालच्या रयतेला शिलेदार आणि बारगीर यांतला भेद कळण्याचेही कारण नव्हते. गावे लुटली गेली, माणसे परागंदा झाली, कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला आणि त्याला मराठ्यांचेच नाव पडले. ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतात जाऊन बसला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुले त्या नावाच्या धाकाने झोपली. आपल्या भाषेत ज्या शब्दाला साधा शिस्तबद्ध चाकरीचा अर्थ आहे, त्याच शब्दाला शेजारच्या भाषेत लुटारू असा अर्थ असावा, ही गोष्ट मराठी वाचकाने टाळून पुढे जाऊ नये असे मला मनापासून वाटते. शब्दाचा इतिहास सांगायचा तर तो ज्यांच्या अंगणात घोडे शिरले त्यांच्या बाजूनेही सांगावा लागतो.

आता प्रत्यक्ष घोड्याकडे वळतो. भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत वाढलेला घोडा म्हणजे भीमथडीचे तट्टू. ‘थडी’ म्हणजे नदीचा काठ. अरबस्तान आणि इराणातून कोकणातल्या बंदरांवर उतरणारे उंच, देखणे घोडे राजे आणि सरदार विकत घेत; सामान्य स्वाराच्या मांडीखाली असे ते हे बुटके, काटक जनावर. डोंगरवाट चढावी, मिळेल तो चारा खावा, लांबचा पल्ला मारून पुन्हा दुसऱ्या दिवशी उभे राहावे, हे त्याचे गुण होते. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते जड तोफखाना मागे पडेल अशा वेगाच्या हालचालींनी, आणि तीस वर्षांनी, १७५८ मध्ये, मराठ्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. ते झेंडे तिथवर कोणाच्या पाठीवरून गेले हे त्या वाक्प्रचारात उरलेले नाही.

भाषेने या घोड्याला दिलेली वागणूक पाहण्यासारखी आहे. ‘भीमथडीचे तट्टू’ असे पूर्ण नाव घेतले की त्यात अभिमान असतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून स्वीकारल्या गेलेल्या गीतातही या तट्टांना यमुनेचे पाणी पाजण्याची आकांक्षा आहे. पण मागचे ‘भीमथडीचे’ काढून टाका आणि नुसते ‘तट्टू’ म्हणा, की शब्द लगेच खाली उतरतो. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ अशी आपली म्हण आहे: जातिवंत घोड्याला नुसता इशारा पुरतो, तट्टाला डिवचावे लागते. आणि ‘भाडोत्री तट्टू’ ही तर राजकारणातली नेहमीची शिवी झाली आहे. पैसे घेऊन कोणाचीही बाजू घेणारा, असा तिचा अर्थ. इथे पुन्हा तोच धागा हाती लागतो. घोडा नदीकाठच्या मातीचा असला तर तो मानाचा, भाड्याचा असला तर तो निंदेचा. गुण तेच, पाठ तीच, फक्त मालकी बदलली.

या निंदेत मोठा अन्याय आहे. भीमथडीचा घोडा संपलेला नाही. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या धनगर कुटुंबांनी त्याला सांभाळले आहे. मेंढ्यांचे कळप घेऊन चाऱ्यासाठी महिनोन्‌महिने फिरताना त्यांचा सारा संसार, भांडीकुंडी, कोकरे आणि कधी लहान मुलेसुद्धा या घोड्यांच्याच पाठीवर असतात. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. लढाई गेल्यावर ज्यांनी हे जनावर टिकवले त्यांचा उल्लेख अभिमानाच्या भाषणांत क्वचितच येतो, याची मला खंत वाटते.

तट्टूच्या अगदी उलट नशीब ‘वारू’ या शब्दाचे. हा शब्द बोलण्यात जवळजवळ नाही, पण वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानांवर आणि निवडणुकीच्या बातम्यांत तो रोज दिसतो: कोणाचा तरी विजयाचा वारू चौखूर उधळलेला असतो, किंवा कोणी तरी तो रोखलेला असतो. या प्रतिमेच्या मागे अश्वमेधाचा घोडा उभा आहे. त्या घोड्यावर स्वार नसे. तो मोकळा फिरे, आणि जो त्याला अडवील त्याने युद्धाला तयार राहावे असा त्याचा अर्थ असे. म्हणून ‘वारू रोखणे’ हे क्रियापद अचूक आहे आणि ‘वारूवर स्वार होणे’ हे त्या मानाने सैल आहे. एवढा एक भेद बातमी लिहिणाऱ्यांनी पाळला तरी ही प्रतिमा गुळगुळीत होणार नाही.

घोड्याच्या सामानातूनही शब्द आले. लगाम, टाच, मांड यांचे लाक्षणिक अर्थ उघड आहेत, त्यांवर थांबण्याचे कारण नाही. पण ‘खोगीरभरती’ हा शब्द मला मराठीतल्या फार नेमक्या शब्दांपैकी एक वाटतो. खोगिराच्या आत जुन्या चिंध्या, लोकर, हाताला येईल ते कोंबत असत. ते बाहेरून दिसत नसे, त्याची किंमत नसे, फक्त जागा भरली की काम झाले. लेखात ओढूनताणून घातलेला मजकूर किंवा कचेरीत संख्या वाढवण्यासाठी भरलेली माणसे यांना हा शब्द जितका बसतो तितका दुसरा कोणताही बसत नाही.

‘मी तुझे काय घोडे मारले?’ हा प्रश्न तर घरोघरी विचारला जातो. एवढा राग यावा असा मी तुझा कोणता मोठा अपराध केला, असे त्यात म्हणायचे असते. हा वाक्प्रचार कोणत्या एका प्रसंगातून निघाला असे मी म्हणणार नाही, पण ज्या समाजात तो मुरला त्यात घोडे मरणे म्हणजे काय होते, हे शिवाजी महाराजांच्या एका पत्रातून कळते. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ दळवटणे येथे छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले ते पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आताच बेपर्वाईने उधळलात तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, अशी त्यात ताकीद आहे. उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेतील आणि गवताला आग लागेल, म्हणून रात्री दिवे विझवा, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र उतरते. आणि घोड्यांसाठी म्हणून रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असेही त्यात बजावलेले आहे. ही घोडी पागेची होती, म्हणजे राज्याची होती, आणि त्यांच्यावर बसणारे बारगीर होते. घोडे मारल्याचा आरोप त्या काळी केवढा जड होता, हे या एका पत्रावरून समजते.