मग आम्ही गरीबच राहायचं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. साधनसंपत्ती मर्यादित आहे, तिच्यात भागवूनही माणसं सुखाने जगतील असा समाज उभा करायला हवा, या विषयावर मी कुठेही बोलले तरी शेवटी एक हात वर होतोच. विचारणारा दर वेळी वेगळा, प्रश्न तोच: "ज्यांना आत्ता कुठे जरा बरे दिवस दिसायला लागलेत, त्यांनी हात आखडता घ्यायचा का? आम्ही गरीबच राहायचं का?"

नाही. ज्यांच्याकडे पुरेसं नाही त्यांना आणखी मिळालं पाहिजे आणि ज्यांच्याकडे भरमसाट आहे त्यांचं कमी झालं पाहिजे. एवढ्या दोन वाक्यांत कुणाचं समाधान होणार नाही, माझंही होत नाही, म्हणून सविस्तर सांगते.

तुमच्या प्रश्नामागची भीती मला खरी वाटते. टंचाई जाहीर झाली की कात्री आधी तळाशी असलेल्यांना लागते. पोहण्याचा तलाव भरलेला असतो आणि सार्वजनिक नळ कोरडा पडतो. त्यामुळे "जपून वापरा" हे वाक्य वरून आलं की खालच्या माणसाला ते धमकीसारखं ऐकू येतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पण आधी हिशेब बघू. नीट जगायला माणसाला लागतं तरी किती? २०२० साली काही संशोधकांनी हे गणित मांडलं. २०५० मधल्या प्रत्येक माणसाला पक्कं घर, पुरेसं अन्न, स्वच्छ पाणी, दवाखाना, शाळा, प्रवासाची सोय, फोन आणि इंटरनेट द्यायचं ठरवलं तर जगाला एकूण ऊर्जा किती लागेल? आज वापरतो त्याहून साधारण ६० टक्के कमी, असं उत्तर आलं. म्हणजे १९६० च्या दशकात जग जेवढी ऊर्जा वापरत होतं जवळपास तेवढी, आणि तीही तेव्हाच्या तिप्पट लोकांसाठी. अटी मात्र कडक आहेत. सगळीकडे उत्तमातलं उत्तम तंत्रज्ञान हवं आणि गरजेपलीकडचा वापर कुणाचाच नको. ही दुसरी अट आजच्या जगात कुठेच पाळली जात नाही, याची मला कल्पना आहे. तरीही हे गणित मला मोलाचं वाटतं, कारण सगळ्यांना पुरेल इतकं पृथ्वीवर नाहीच, ही समजूत ते खोडून काढतं.

कागदावरचं गणित नको असेल तर मध्य अमेरिकेतला कोस्टारिका हा छोटा देश घ्या. दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या निम्म्याहून कितीतरी कमी, दरडोई कार्बन उत्सर्जन सहाव्या हिश्श्याहूनही कमी आणि आयुर्मान मात्र अमेरिकेच्या बरोबरीचं. या देशाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केलं आणि शिक्षण-आरोग्यावर सातत्याने खर्च केला. १९८० च्या दशकात तिथलं जंगल देशाच्या पाव भागावर येऊन ठेपलं होतं. १९९६ च्या कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरच्या करातून पैसे द्यायला सुरुवात झाली. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा झाडाखाली आहे. तिथेही विषमता आहे, अडचणी आहेत, मी त्याला स्वर्ग म्हणत नाही. पण आयुष्य वाढवायला अमेरिकेइतकं जाळावं लागत नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तंत्रज्ञान सुधारेलच की! सुधारू दे, हवंच आहे. फक्त १८६५ मध्ये विल्यम जेव्हन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल दाखवून दिलेली गोष्ट लक्षात ठेवा. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करू लागली, तेव्हा कोळसा वाचला नाही. इंजिन चालवणं स्वस्त झालं, इंजिनं वाढली आणि कोळशाचा खप आणखी चढला. काटकसरी यंत्राच्या जोडीला "इथवरच" अशी रेघ लागते. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो: ती रेघ ओढायची कुणी आणि पाळायची कशी?

१९६८ मध्ये अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचं उदाहरण देऊन मांडलं की जो तो आपलं एकेक जनावर वाढवत जाणार आणि कुरण उजाड होणार. पटण्यासारखंच आहे. पण स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल या डोंगराळ गावाने त्याच्या कितीतरी आधी हा पेच सोडवला होता. १४८३ मध्ये गावकऱ्यांनी करार करून कुरणं आणि जंगल यांची सामाईक व्यवस्था बसवली. १५१७ चा नियम असा: हिवाळाभर आपल्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून एकही जास्त गाय उन्हाळी कुरणावर सोडायची नाही.

या नियमातली युक्ती बघा. किती गाई हे सांगायला वरून कुणी यावं लागत नाही. ज्याच्या त्याच्या गंजीतलं गवतच ते सांगतं, आणि शेजाऱ्याची गंजी सगळ्यांना दिसते. उन्हाळ्यात गाई वर गेल्या की मोजल्या जात आणि दरवर्षी चीजचं वाटप त्या मोजणीवर होई. लपवून ठेवलेल्या गाईचं चीज मिळणारच नाही. जास्त गाई सोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या गावच्याच माणसाला दंडातला अर्धा वाटा मिळे, म्हणजे डोळेझाक करण्यात त्याचाच तोटा. एक उणीव सांगायलाच हवी. ज्याची गवताची जमीन मोठी, त्याच्या गाईही जास्त. कुरण टिकलं म्हणून गावात समता आली असं नाही. तरी कुरण शतकानुशतकं टिकलं. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या अशा व्यवस्था अभ्यासल्या, त्यात टोर्बेल होतं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हे मी अगदी जवळूनही पाहिलं आहे. आमच्या इमारतीत एका उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आलं. आधी फक्त सूचना लागली: सकाळी अर्धा तास पाणी येईल. झालं, ज्याने त्याने पिंपं, बादल्या, पातेली भरून ठेवली आणि संध्याकाळी उरलेलं ओतून दिलं, कारण उद्या ताजं भरायचं होतं. टाकी पूर्वीपेक्षा लवकर रिकामी व्हायला लागली. मग एका रात्री सगळे जिन्यात बसलो. भांडणं झाली. शेवटी ठरलं की रोज रात्री दोन घरांनी मिळून गच्चीवर जायचं, टाकीत काठी बुडवायची आणि ती किती वीत ओली झाली ते तळमजल्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. तिसऱ्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांच्या घराला वेळेचं बंधन नाही, हे त्याच बैठकीत सगळ्यांच्या देखत ठरलं, त्यामुळे नंतर कुणी कुरकुर केली नाही. आठवडाभरात पिंपं भरून ठेवणं थांबलं. पाणी तेवढंच होतं. उद्या आपल्याला मिळेल की नाही ही धास्ती गेली होती.

इमारत आणि डोंगरगाव ठीक आहे, हवा आणि समुद्र यांचं काय, असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. तिथे शेजाऱ्याची गंजी दिसत नाही. तरीही ओझोनचा थर विरळ होतोय हे कळल्यावर १९८७ मध्ये तो विरळ करणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातल्या सगळ्या देशांनी हा करार मान्य केला. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली, १९९० मध्ये त्यांच्यासाठी निधीही उभा राहिला. बहुतेक जगावरचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल असा अंदाज आहे. ती रसायनं मोजक्या कारखान्यांत बनत होती आणि त्यांना पर्याय सापडले, कोळसा आणि तेल इतक्या सहज सुटणारे नाहीत. पण ज्याची ऐपत कमी त्याला वेळ आणि पैसा आधी द्यायचा, ही रीत तिथूनच उचलण्यासारखी आहे.

जिथे रेघ वेळेवर ओढली गेली नाही, त्याची किंमत कॅनडातल्या न्यूफाउंडलंडने मोजली. किनाऱ्याजवळ जाळी टाकणारे कोळी १९८० च्या दशकात सांगत होते की कॉड मासा कमी होतोय आणि लहान निघतोय. पण खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांना भरपूर मासा मिळत होता, कारण उरलेले मासे थव्याने एकवटत आणि यंत्रं त्यांना अचूक शोधून काढत. सरकारी अंदाजांत जहाजांचे आकडे जड ठरले. जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम एका घोषणेसरशी गेलं, आणि बंदी पूर्ण उठायला २०२४ उजाडलं.

मागच्या वेळी ज्या मुलाने हा प्रश्न विचारला, त्याचे वडील कोळशाच्या खाणीत आहेत. त्याला मी जर्मनीचं सांगितलं. दगडी कोळशाच्या खाणी बंद करायच्या हे तिथे सरकार, खाण कंपनी आणि कामगार संघटना यांनी २००७ मध्ये एकत्र बसून ठरवलं. शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये मिटली. मधल्या अकरा वर्षांत कुणाला लवकर निवृत्ती मिळाली, कुणाला दुसरं काम शिकवलं गेलं, सक्तीची कपात टळली. तारीख आणि तजवीज एकाच करारात होती.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, बाबा कंत्राटी आहेत. त्यांचं नाव कंपनीच्या कुठल्याच यादीत नाही."

तेव्हापासून खाण, कारखाना, जाळं, काहीही बंद करण्याचा विषय निघाला की मी आधी विचारते, या कामावर जगणारी माणसं किती, आणि त्यात यादीबाहेरची धरलीत का?