शिडी पहिल्या पायरीवर पक्की होती

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात घरोघरी धुणं निघतं. अंथरुणं-पांघरुणं, पडदे, ताटं-पातेली, सगळं घटस्थापनेच्या आत स्वच्छ व्हायला हवं असतं. त्याच आठ-दहा दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. मी काचा पुसतो. नऊ वर्षं झाली, धंदा माझा एकट्याचा आहे. राजारामपुरीतली काही दुकानं महिन्याच्या बोलीवर आहेत. ताराबाई पार्क आणि नागाळा पार्कातले बंगले वर्षातून दोनदा, तीनदा बोलावतात. स्कूटर, बादली, वायपर, ब्लेड, स्पंज आणि चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची शिडी एवढंच माझं भांडवल.

२०२३ मध्ये घटस्थापनेला चार दिवस असताना मी त्या शिडीवरून पडलो. त्यानंतरचे चार महिने कसे गेले आणि पुन्हा शिडीवर कसा चढलो, ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या कामात बहुतेक जण एकटेच असतात. चुकलं तर सांगणारं कोणी नसतं आणि पडलं तर उचलणारंही कोणी नसतं, म्हणून लिहितोय.

बंगला ओळखीचा होता, पाच वर्षांचं गिऱ्हाईक. बाजूच्या बोळात शाहाबादी फरशी आहे. ती उत्तरेची बाजू, ऊन लागत नाही. आमच्याकडचा पाऊस संपता संपता अशा फरशीवर काळपट हिरवं शेवाळ बसतं. सुकल्यावर ते नुसता डाग वाटतं, ओलं झालं की साबणासारखं निसटतं. भिंतीला लागून काकूंच्या कुंड्यांची रांग होती. कुंड्या हलवायला वेळ लागला असता आणि दुपारी अजून दोन घरं करायची होती. म्हणून शिडीचे पाय मी कुंड्यांच्या अलीकडे ठेवले.

शिडी हाताने हलवून बघितली. पहिल्या पायरीवर उभा राहून दोनदा उड्या मारल्या. तसूभर हलली नाही. मग वर गेलो.

पाच-सात मिनिटं काम केलं असेल. साबणाचं पाणी काचेवरून भिंतीवर, भिंतीवरून खाली फरशीवर उतरत होतं. डावीकडचा वरचा कोपरा राहिला होता, त्यासाठी थोडा वाकलो. तेवढ्यात पायाखालून आधारच गेला. शिडी बाजूला कलंडली नाही. तिचे पाय मागे सरकले, माथा भिंतीला घासत खाली आला आणि मी तिच्याबरोबर. आठ-नऊ फुटांवरून उजव्या टाचेवर आपटलो. दुखायच्या आधी मी वायपर शोधत होतो, एवढं आठवतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुजलेल्या टाचेच्या आधी माझी पाठ दाबून बघितली आणि कमरेच्या मणक्याचाही एक्स-रे काढायला सांगितला. मला कळेना. ते म्हणाले, उंचावरून पायावर पडलेल्या माणसाची टाच मोडते आणि तोच धक्का वर मणक्यापर्यंत जातो, टाचेच्या दुखण्यात कमरेचं दुखणं लपून राहतं. कंबर वाचली होती. टाचेच्या हाडाला चीर गेली होती, हाड जागचं हललं नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन टळलं. पण आठ आठवडे त्या पायावर जरासुद्धा वजन टाकायचं नाही अशी ताकीद मिळाली. तुमच्यापैकी कोणी पडलंच, तर डॉक्टरांना “किती उंचीवरून पडलो” हे आधी सांगा.

दसरा गेला, दिवाळी गेली. वर्षाची कमाई ज्या महिन्या-दीड महिन्यात होते तो काळ मी पलंगावर पाय उशीवर ठेवून काढला. बायकोने शिवणाचं काम वाढवलं. महिन्याच्या बोलीच्या दोन दुकानांनी दुसरा माणूस लावला, त्यांचीही अडचण होती.

इथे विम्याबद्दल सांगायला हवं, कारण माझा मोठा गैरसमज होता. बँकेतून दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये कापले जातात. अपघाताला दोन लाख, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कुबड्या घेऊन बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या मॅडमनी शांतपणे समजावलं. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर दोन लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर एक लाख. मोडलेलं आणि पुढे भरून येणारं हाड त्यात बसत नाही. दवाखान्याचा खर्च नाही, बुडालेली मजुरीही नाही. योजना वाईट नाही, २० रुपयांत घरच्यांना तेवढा आधार मिळतो आणि मी ती चालूच ठेवली आहे. पण आमच्यासारख्यांचं खरं नुकसान म्हणजे घरी बसण्याचे दिवस. त्यासाठी व्यक्तिगत अपघात विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेताना “तात्पुरत्या अपंगत्वाची आठवड्याची भरपाई” त्यात आहे का हे विचारावं लागतं. धंदा काय ते खरं लिहायचं. शिडीवरचं काम आहे म्हटल्यावर हप्ता जास्त पडतो, पण लपवलं तर भरपाईच्या वेळी तेच आडवं येतं. बरा झाल्यावर मी पहिलं काम ते केलं.

आता मुख्य गोष्ट. माझे दाजी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सेफ्टीचं काम बघतात. मला भेटायला आले आणि चहा घ्यायच्या आधी म्हणाले, “शिडी कुठं आहे? दाखव.” शिडी बघितली, पायांचं रबर बघितलं. रबर घासून गुळगुळीत झालं होतं, एका पायाचं तर अर्धं निघालं होतं. मग त्यांनी विचारलं, पाय भिंतीपासून किती लांब ठेवले होतेस? मी म्हटलं, कुंड्या होत्या, पाच फूट असतील.

दाजींनी मुलाच्या दप्तरातली लाकडी फूटपट्टी घेतली. स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत फरशीवर ती भिंतीला तिरपी टेकवली. दोऱ्याला एक कुलूप बांधून ते पट्टीला अगदी खाली अडकवलं. पट्टी उभी राहिली. मग कुलूप थोडं थोडं वर सरकवत गेले. अर्ध्याच्या वर गेल्यावर पट्टी सर्रकन घसरून खाली आली. पट्टी तीच, फरशी तीच, तिरपेपणा तोच होता. “माणूस जसा वर जातो तसा शिडीचे पाय बाहेर ढकलणारा जोर वाढत जातो,” दाजी म्हणाले. “पहिल्या पायरीवर नाचून तू फक्त पहिली पायरी तपासलीस.”

इतकी वर्षं मी रोज तेच करत होतो आणि त्यालाच तपासणी समजत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यांनी शिकवलेला हिशोब सोपा आहे. चारास एक. शिडीचा माथा जिथे टेकतो ती उंची चार फूट असेल तर पाय भिंतीपासून एक फूट, बारा फूट असेल तर तीन फूट. माझ्या चौदा फुटी शिडीला साधारण साडेतीन फूट पुरले असते, मी पाच फुटांवर ठेवली होती. यापेक्षा जवळ घेतली तर माणूस मागे उलथतो, लांब नेली तर पाय घसरतात. टेप नसेल तर अंगावरच मोजता येतं. शिडीच्या पायांना बोटं लावून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे शिडीच्या दांड्यावर अलगद टेकले तर तिरपेपणा बरोबर. कुबड्या बगलेत धरून अंगणात मी हे वीस वेळा केलं असेल.

आपल्याकडे शिड्यांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ३६९६ चा दुसरा भाग, १९९१ सालचा. कारखान्यात दाजींसारखा माणूस तो वाचून दाखवतो. माझ्यासारख्याला कोण दाखवणार? ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम २००५ मध्ये आले आणि ते स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही लागू आहेत, हे दाजींकडूनच कळलं. त्या नियमांचा क्रम मला फार पटला. आधी बघा, वर चढणं टाळता येतं का. नाहीच टळलं तर पडणं रोखा. तेही पूर्ण जमत नसेल तर पडल्यावरची इजा कमी करा. तिथल्या मार्गदर्शनात असंही आहे की एका जागी अर्ध्या तासाहून जास्त काम असेल तर शिडी हे त्याचं साधन नव्हे.

चढणं टाळणं हे वाचायला साधं वाटतं, पण माझं काम सगळ्यात जास्त त्यानेच बदललं. दुकानांच्या काचांसाठी मी लांब होणारा रॉड घेतला, टोकाला स्पंज किंवा वायपर लावायचा आणि जमिनीवरून पुसायचं. सुरुवातीला मान आणि खांदे भरून आले. बोअरचं पाणी वापरलं तर सुकल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि ते काढायला पुन्हा वर चढावंच लागतं, म्हणून शेवटचा हात आता आरओच्या पाण्याने मारतो. स्कूटरवर पाच लिटरचा कॅन असतो. बंगल्यांमध्ये तर त्याहून सोपा मार्ग होता आणि तो डोळ्यासमोर असून मी वापरत नव्हतो. स्लायडिंग खिडकीचं शटर थोडं वर उचलून खालच्या खाचेतून आत घेता येतं. आधी जाळीचं, मग काचेचं. बाहेर ग्रिल असेल तर शटर बाहेर पडायची भीतीही नाही. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंनी धुवायचं, खाच ब्रशने साफ करायची, परत बसवायचं. मोठं, जड शटर एकट्याने काढायचं नाही, घरातल्या कोणाला तरी धरायला सांगायचं. ग्रिल नसेल तर शटरला हात लावत नाही.

तरीही काही काचा उरतात. त्यांच्यासाठी शिडी लागतेच. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडून मी शिडीच्या माथ्याला दोन्ही बाजूंना पसरणारा अ‍ॅल्युमिनियमचा आडवा हात करून घेतला, टोकांना रबर. त्यामुळे शिडी खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकते, काचेवर किंवा पावसाच्या पीव्हीसी पाइपवर नाही. पायांचं रबर दर पावसाळ्यानंतर बदलतो. फरशी आधी घासून, कोरडी करून घेतो आणि शिडीच्या पायाशी जाड गोणपाट अंथरत नाही, कारण ते शिडीसकट सरकतं. जमेल तिथे दोन्ही उभे दांडे ग्रिलला दोरीने बांधतो. वॉचमन काका “मी धरतो की” म्हणतात, पण त्यांना गेट असतं, फोन असतो. दोरीला दुसरं काम नसतं.

हातांचं गणित सगळ्यात अवघड. एका हातात स्पंज, दुसऱ्यात वायपर, मग शिडी धरायची कशाने? आता कमरेला कॅनव्हासची पिशवी आहे, वायपर त्यात. एक हात शिडीवर, एक कामाला. पट्ट्याचं बक्कल दोन्ही दांड्यांच्या बाहेर गेलं की समजायचं, आपण वाकतोय. खाली उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. चपला घालून चढणं बंद केलं. ओल्या पायरीवर चपलेचा तळ धरत नाही, टाच असलेला, रबरी तळाचा बूट लागतो.

तारांबद्दल मात्र मी काहीही जमवून घेत नाही. राजारामपुरीत एका दुकानाच्या पाटीसमोरून खांबावरची वायर जाते. मालक म्हणाले, “आजवर काही झालंय का?” ओली अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणि डोक्यावर वायर, मी नाही म्हटलं. ते गिऱ्हाईक गेलं. वाईट वाटलं, पण घरी आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती फक्त “बरं केलंत” म्हणाली.

फेब्रुवारीत पुन्हा चढायची वेळ आली तेव्हा तिसऱ्या पायरीवर पाय थरथरले. उतरलो. दुसऱ्या दिवशी चौथ्या पायरीपर्यंत गेलो, नुसता उभा राहिलो, काम काहीच केलं नाही. टाच अजूनही थंडीत सकाळी ठणकते. घाईची कामं घेत नाही, दिवसाला चार घरं करायचो तिथे आता तीन करतो आणि दर वाढवले आहेत. काही जणांनी कुरकुर केली, बहुतेकांनी कारण ऐकून घेतलं.

पुढच्या नवरात्राआधी त्याच बंगल्यातून फोन आला. मी गेलो तर बोळातल्या कुंड्या सगळ्या पुढच्या अंगणात नेऊन ठेवल्या होत्या आणि फरशी ब्लीचिंग पावडरने घासून पांढरी काढली होती. काकू म्हणाल्या, “परवाच घासून घेतली, आता चांगली वाळलीय. बघ तुला चालतंय का.” मी बुटाने फरशी दाबून बघितली. मग आत गेलो आणि खिडकीचं शटर उचलून खाली घेतलं. ते धरायला काकूंनी नातवाला हाक मारली.