तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कुठली कादंबरी येणार?

शाळेत गोष्ट वाचायला गेले की मुलं विचारतात, लग्नाकार्यात भेटलेले नातलगही विचारतात: "तीन-तीन कादंबऱ्या लिहायला घेतल्या आहेत ना, मग आधी कुठली येणार? आणि इतका वेळ का लागतो?" आजवर "बघू, यंदा होईल" म्हणून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

तीन वह्या आहेत. तिन्ही आठवी ते बारावीच्या मुलांसाठी. या वयाला कुमार म्हणा, किशोर म्हणा, आपल्याकडे त्यांच्यासाठी फार कमी लिहिलं जातं. बोलणारे ससे त्यांना नकोत आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या ती लपून वाचतात. मला ती रोज एसटीत दिसतात. दप्तर मांडीवर, घरी एक बोली, शाळेच्या फाटकातून आत शिरलं की दुसरी. हा बदल करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, त्यासाठी मी लिहिते. आणि म्हणूनच वेळ लागतो. ते मूल कोणाशी कसं बोलतं, हे कानात बसल्याशिवाय माझं पान पुढे सरकत नाही.

पहिली वही जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली. नववीतली मुलगी, बापाची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, नुकती निसवलेली, घड बाहेर आलेले, आणि मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी वादळ येतं. अर्ध्या तासात घडांसकट खोडं आडवी. दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव किती निघाला, हे ती सवयीनं विचारते आणि मग तिच्या लक्षात येतं की विकायला काही उरलेलंच नाही. एवढं मला पहिल्यापासून दिसत होतं. ऐंशी पानं भरभर झाली.

मग यावल तालुक्यातल्या एका शाळेत मी त्यातलं एक प्रकरण वाचलं. वाचून झाल्यावर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, ती आमच्यातली नाही वाटत. ती धुळ्याकडून आलीय का?"

तिचं बरोबर होतं. मी अमळनेरकडची. माझ्या घरात आईची हाक "काय करी ऱ्हायनी व माय?" अशी यायची. ही अहिराणी. आमच्याकडे माणूस 'वना' आणि 'गया'. यावलकडे तो 'आला' आणि 'गेला', कारण तिकडची बोली लेवा, तिचं वळण निराळं. बाहेरचे लोक खानदेश म्हटलं की सगळं अहिराणी धरून चालतात. बहिणाबाई चौधरींची कवितासुद्धा अहिराणीत आहे असं कित्येक जण सांगतात. बहिणाबाई असोद्याच्या, आणि त्यांची बोली लेवा. हे मला ठाऊक होतं, दोन ठिकाणी मी ते भाषणात सांगितलंही होतं. तरी लिहिताना माझ्या नायिकेच्या तोंडी माझ्याच आईची बोली आली. रागात आणि दुःखात माणूस आपल्याच आईच्या बोलीत शिरतो, आणि माझी सगळी पानं राग-दुःखाचीच होती.

ती ऐंशी पानं मी बाजूला ठेवली. गेली दोन वर्षं यावल-फैजपूरकडे जाते, बांधावर बसते, बायकांचं बोलणं ऐकते. एका प्रकाशकांनी सुचवलं होतं की सगळे संवाद प्रमाण मराठीत करा, पुण्याच्या मुलांना सोपं जाईल. मला ते मान्य नाही. पुण्याचं मूल चार अनोळखी शब्दांनी अडत नाही. यावलचं मूल मात्र पुस्तकात आपली बोली कधीच भेटली नाही म्हणून ती वर्गात गिळून टाकतं. हे मी माझ्या वर्गात स्वतः केलेलं आहे. अमळनेरला साने गुरुजींनी शाळेत शिकवलं, मुलांवर जीव लावला, हे ऐकत आम्ही मोठे झालो, आणि त्याच अमळनेरात मी "माले नको" म्हटलं म्हणून वर्ग हसला होता. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

दुसरी वही पीजेची. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची, छप्पन्न किलोमीटरची छोटी गाडी. माझ्या गोष्टीतला मुलगा शेंदुर्णीला चढतो आणि पाचोऱ्याला शाळेत जातो. २०२० साली, टाळेबंदीत गाडी थांबली, आणि मग त्या जागी मोठे रूळ टाकायचं ठरलं. ही वही लिहिताना मला वेगळीच भीती वाटते. गाडी बंद पडली तेव्हा जी मुलं चौदा वर्षांची होती, त्यांच्यासाठी मी ती सुरू केली. ती मुलं आता कॉलेजात आहेत, काही पुण्याला, काही सुरतेला कामाला. ज्यांनी पहिलं प्रकरण ऐकलं त्यांच्या हाती पुस्तक त्या वयात पडलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोठ्या वाचकाला चार वर्षं थांबवता येतं. चौदाव्या वर्षाला थांबवता येत नाही.

तिसरी नंदुरबारची, १९४२च्या 'चले जाव' चळवळीतली. मिरवणुकीवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात गेलेला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबर गेलेले चार सोबती. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा. माझी गोष्ट त्याची नाही, त्याच्या शेजारच्या गल्लीतल्या एका काल्पनिक मुलीची आहे, जी त्या दिवशी मिरवणुकीला गेली नाही. त्या गावात एका चौकात गुजराती, अहिराणी, भिली आणि मराठी ऐकू येते. मिरवणुकीतली घोषणाही गुजरातीत होती. त्यातली भिली मला येत नाही, आणि अंदाजानं लिहायची माझी तयारी नाही. म्हणून ती वही सध्या बंद आहे.

तर उत्तर असं, की आधी केळीची येईल. वादळाच्या रात्रीचं एकच प्रकरण अडलंय. मुलगी भिजून घरी येते आणि आजी तिला काहीतरी विचारते. त्या एका वाक्यासाठी मी नऊ पर्याय लिहून ठेवलेत. येत्या रविवारी ते सगळे घेऊन यावलला जाणार आहे. तेव्हा उभी राहिलेली ती मुलगी आता दहावीत आहे, आणि तिची आजी मला म्हणाली आहे की, वाचून दाखव, मी सांगते.